पत्र्यावरचा माणूस

मन्सूर मणेरानं काढलेला माणूस लांबूनसुद्धा ओळखू यायचा, कारण तो हसत असायचा. चिंचवडच्या तालमीवरचा पैलवान हसायचा, शाळेच्या भिंतीवरची सरस्वती हसायची, आणि मुंबई-पुणे रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकांच्या फळीवर त्यानं काढलेले मोर तर असे खुशीत दिसायचे, की आत्ताच पोटभर जेवून निघालेत.

घराणं बांगड्या भरणाऱ्यांचं. बाप आणि आजा खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून आकुर्डी, सांगवी, काळेवाडी पायाखाली घालायचे. मन्सूरला ते जमलं नाही. परक्या बाईचा हात हातात घेतला की त्याचे कान लाल व्हायचे आणि घाबरून तो बांगडी अशी रेटायचा की ती फुटायची. शेवटी बापानंच त्याला पुण्यात नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या एका पेंटरकडे धाडून दिलं. तिथून तो ब्रश धरायला शिकून आला, निकाह झाला, आणि घरचा धंदा बायकोनं, बिल्किसनं उचलला. तिचा हात हलका होता आणि तोंड चालू. बायका मन्सूरपेक्षा तिच्यावर खूश होत्या, आणि मन्सूर सगळ्यात जास्त खूश होता.

त्याचं खरं नाव झालं ते गेलेल्या माणसांच्या तसबिरींमुळे. घरात कुणी वारलं की लोक जुना, पिवळा पडलेला फोटो घेऊन यायचे आणि मन्सूर त्यावरून रंगीत तसबीर करून द्यायचा. दौलतराव पाटलांची आई मंजुळाबाई गेल्या तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो निघाला, कुणाच्या तरी लग्नातला. त्यात म्हातारी ओळीच्या टोकाला कपाळाला आठ्या घालून उभी होती. मन्सूरनं तसबीर केली. दौलतराव बराच वेळ तिच्यापुढे उभे राहिले.

"मन्सूर, लुगडं आमच्या आयचं हाय. नथबी तिचीच हाय. पर ही बाई कोण?"

"दादा, फोटोत त्या लई रागात होत्या."

"मग? रागातच असायची ती. आमी समदी भ्यायचो तिला." दौलतराव पुन्हा तसबिरीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "न्हेतो घरी. मेल्यावर का हुईना, हासली बिचारी."

मन्सूरच्या आईला, नूरबीला, मात्र हे काम कधीच पटलं नाही. ती ओसरीवर जपाच्या तसबीचे मणी ओढत बसायची आणि अधूनमधून म्हणायची, "माणसं काढतोस बाबा, कयामतीच्या दिवशी अल्ला विचारंल, आता ह्यात जीव घाल. मग काय करशील?"

"अम्मा, माझ्या माणसांत जीव कुठला? तोंडं बघ की त्यांची. सगळी एकसारखी हसत्यात." हे तो चेष्टेनं म्हणायचा, पण त्याचा त्याला आधारही वाटायचा.

पंचावन्न-छप्पन्न सालचा सुमार असेल. पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले होते. जिथं मेंढरं चरायची तिथं तारेची कुंपणं आली, आणि सकाळ-संध्याकाळ भोंगे वाजायला लागले. त्यातला एक कारखाना पत्र्याचे डबे बनवायचा. तिथं कामगारांचं बघणारे अर्जुनराव म्हणून एक साहेब होते, पुण्याचे, मऊ बोलणारे. एक दिवस त्यांनी मन्सूरला बोलावून घेतलं. शेडमध्ये इंग्रजीत छापलेले सूचनांचे कागद लावले होते. अर्ध्या कामगारांना मराठीच वाचता येत नव्हतं, तिथं इंग्रजी कोण बघतो.

"पेंटर, चित्र काढा," अर्जुनराव म्हणाले. "माणसाचा हात पत्रा कापायच्या प्रेसमध्ये सापडतोय असं. बघितल्याबरोबर आपला हात सांभाळावासा वाटला पाहिजे."

मन्सूरनं मोठ्या उमेदीनं चित्र केलं. ते लागलं त्या दिवशी शेडमध्ये हशा पिकला. चित्रातल्या गड्याचा हात मनगटापर्यंत मशिनीत गेला होता आणि गडी खुदूखुदू हसत होता. कुणीतरी ओरडलं, "जावईबापू हाताला हळद लावून घेत्यात रं!"

अर्जुनरावही हसले, पण माणूस चांगला. म्हणाले, "तुम्ही प्रेस चालताना बघितलाय का कधी? नाही ना? मग असं करा, थोडे दिवस आत येऊन नुसते उभे राहा. बघा. मग काढा."

म्हणून मन्सूर शेडमध्ये जाऊन उभा राहायला लागला. पहिल्या दिवशी आवाजानं त्याचं डोकं बधिर झालं. दुसऱ्या दिवशी आवाज कमी वाटला आणि माणसं दिसायला लागली. तो अपघाताची वाट बघत होता, पण अपघात काही झाला नाही. कुणाचा हात सापडला नाही, कुणी ओरडलं नाही. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मन्सूर त्या सुरळीत चालण्याकडेच बघत राहिला.

खिडकीजवळच्या प्रेसवर एक तरणा गडी होता. पत्रा ठेवायचा, पायानं दाबायचं, झाकण काढायचं. पुन्हा पत्रा. त्याचे हात इतके नेमके चालायचे की बघत राहावं. पण मन्सूरची नजर हातांवरून तोंडाकडे गेली आणि तिथंच अडकली. तोंड किंचित उघडं होतं. डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. घर उघडं टाकून माणूस कुठंतरी निघून जावा, तसं ते तोंड दिसत होतं. मध्येच पट्टा घसरला म्हणून मशीन थांबली, तरी त्याचे हात थोडा वेळ हवेत तसेच पत्रा ठेवत राहिले.

चहाच्या सुट्टीत मन्सूर त्याच्याजवळ जाऊन बसला. त्याचं नाव लिंबाजी, परभणीकडचा. गुरांमागं वाढलेला, गावातल्या एकाच्या ओळखीनं इकडं आलेला. काळेवाडीत चार जणांबरोबर एका खोलीत राहत होता.

"भ्या वाटतं का रे मशिनीचं?" मन्सूरनं विचारलं.

"न्हाई. भ्या कशाचं? हात करतेत सगळं." लिंबाजीनं बशीतला चहा फुंकला. "पर एक सांगू का? सकाळी भोंगा होतो, संध्याकाळी भोंगा होतो. मधल्या वक्ताला म्या कुठं असतो, ते मलाच ठावं नसतं. आता तुमी मघापासून माझ्याकडं बघायलाव म्हणं. म्या तुमाला बघितलंच न्हाई." आणि मग अगदी साधेपणानं, वाट विचारावी तसं त्यानं विचारलं, "तुमाला ठावं असतं का हो, तुमी कुठं असता ते?"



त्या दिवशी मन्सूर रेल्वेच्या रुळांकडेनं चालत घरी निघाला आणि तो प्रश्न त्याच्याबरोबर चालत आला. आपण एवढी वर्षं तोंडं काढली. डोळे, नाक, मग ओठांची टोकं वर उचलायची. हात आपोआप करायचा. मंजुळाबाईंचं हसू, सरस्वतीचं हसू, पैलवानाचं हसू. झाकणंच की सगळी, एका साच्यातली. आणि ती काढत असताना आपण कुठं होतो? त्याला एकही चित्र काढल्याचं आठवेना. चालता चालता तो थांबला आणि त्यानं स्वतःच्या हाताकडे बघितलं. तो हात दुसऱ्या कुणाचा तरी असावा असं त्याला वाटलं.

कारखान्यातूनच त्यानं माणसाच्या उंचीचा पत्रा मागून आणला आणि घरामागच्या अंगणात उभा केला. त्यावर चित्रात लिंबाजीला उभा केला प्रेसजवळ. अपघात नाही, रक्त नाही. नुसता काम करणारा माणूस. तोंड काढायला घेतलं की ओठांची टोकं आपसूक वर जायची. मन्सूर चिंधीनं पुसायचा आणि पुन्हा घ्यायचा. त्या दिवसांत तो जेवायला बसला तरी हात पत्र्याकडे वळलेला असायचा. शेवटी एका दुपारी ते तोंड जमलं. जमलं म्हणजे एवढं जमलं, की तो दोन पावलं मागं सरला. पत्र्यावरचा माणूस त्याच्याकडे बघत होता आणि त्याला बघत नव्हता.

नूरबी काठी टेकत अंगणात आली. तिनं चित्र बघितलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ह्यात घातलास तू," आणि आत निघून गेली.

काय घातलंस हे मन्सूरनं विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

चित्र शेडच्या दाराशी लागलं. या वेळी कुणी हसलं नाही. कामगार यायचे, चित्रापुढे चालण्याचा वेग कमी व्हायचा, आणि मग ते झपझप आत शिरायचे. दोन-तीन दिवसांत माणसं मागच्या, माल यायच्या दारानं ये-जा करायला लागली. एका म्हाताऱ्या हमालानं तर चित्रासमोर उदबत्ती लावली. का लावली म्हणून विचारलं तर त्यालाही सांगता येईना. अर्जुनरावांनी चित्र उतरवलं. मन्सूरच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "पेंटर, हात सांभाळा, एवढंच सांगायचं होतं हो आपल्याला." त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट चित्राकडे पाठ करूनच ते बोलले, हे मन्सूरच्या ध्यानात आलं.

पत्रा बैलगाडीत घालून घरी आला आणि अंगणातल्या भिंतीला टेकून उभा राहिला. आणि मन्सूरचं हसू गेलं. म्हणजे त्याचं स्वतःचं तर गेलंच, पण ब्रशातलंही गेलं. शाळेच्या सरस्वतीचा रंग उडाला म्हणून तो तिला नव्यानं रंगवायला गेला, तर देवी एवढी धास्तावलेली दिसायला लागली की हेडमास्तर म्हणाले, राहू द्या, जुनीच बरी होती. एका ट्रकवाल्यानं मोर बघितला आणि हात जोडले, "पेंटरभाऊ, पुसा हो ते. घाटात मागची गाडी बघंल अन् दरीत जाईल." कुणी तसबिरीसाठी फोटो आणला तर मन्सूर तो हातात घेऊन बसून राहायचा. त्याला हसऱ्या फोटोतही ते उघडं टाकलेलं घर दिसायचं. बाजारात, नमाजाच्या रांगेत, न्हाव्याच्या आरशात, सगळीकडे. हळूहळू त्यानं न्हाव्याकडे जाणंच सोडलं. दाढी वाढली. तो अंगणात पत्र्याकडे तोंड करून बसायला लागला.

बिल्किस दिवसभर बांगड्या भरून यायची, चूल पेटवायची आणि त्याच्याशी बोलत राहायची, त्यानं उत्तर दिलं नाही तरी. एक दिवस तिनं लसूण सोलता सोलता विचारलं, "अवो, त्यात एवढं बघण्यासारखं हाय तरी काय?"

"बिल्किस, सगळ्यांच्या तोंडामागं तेच हाय. तुझ्याबी हाय."

"असंल की."

"तुला भ्या न्हाई वाटत?"

ती सोलायची थांबली. "आता बघा. बांगडी हाताच्या हाडावर आली की कुठल्याबी बाईचं तोंड तसंच हुतं. पाटलीण असू द्या न्हाई तर मोलकरीण. डोळे उघडे, तोंड उघडं, अन् बाई कुठं गेली कुणाला ठावं. मी रोज बघते."

"मग तू काय करतीस?"

"काय करणार? हात धरून ठेवते. अन् काहीतरी बोलत राहाते. बांगडी पलीकडं गेली की बाई येते परत."

"आणि न्हाई गेली तर?"

"तर फुटते," बिल्किस म्हणाली आणि पुढची पाकळी सोलायला घेतली. "तुमच्या हातून तर सगळ्याच फुटायच्या."

मन्सूर हसला नाही, पण त्यानं तिच्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्यानं पत्र्याखेरीज कशाकडे तरी बघितलं होतं. एवढंही तिला पुरेसं वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, दारात लिंबाजी उभा राहिला. त्याच्यामागं एक ठेंगणी, काळीसावळी बाई होती, डोक्यावर गाठोडं, पायात वहाणा नाहीत. त्याची आई दुर्गाबाई. परभणीहून रेल्वेनं एकटी आली होती. गावात कुणीतरी तिला सांगितलं होतं, की तुझ्या पोराचं चित्र काढून कारखान्याच्या दाराला लावलंय आणि माणसं त्याला भितात. पोराला काही झालंबिलं असेल या काळजीनं ती निघाली होती.

"कुठाय ते?" तिनं दारातूनच विचारलं. "माझ्या लेकराला भुतावानी काढणारा तूच का?"

मन्सूरनं मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. लिंबाजी मागंच थांबला. चित्र दाराला होतं तेव्हा तोही मागच्याच दारानं जायचा.

दुर्गाबाईनं गाठोडं खाली ठेवलं आणि ती सरळ पत्र्यापुढे जाऊन उभी राहिली. मन्सूर खाली मान घालून उभा होता. आता ही बाई शिव्या देणार, नाही तर रडणार, नाही तर दगड उचलणार, असं त्याला वाटत होतं. दुर्गाबाईनं पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि पत्र्यावरच्या लिंबाजीच्या गालावर उडालेला धुळीचा डाग पुसला.

"असाच झोपायचा," ती म्हणाली.

"काय म्हणालात?" मन्सूरनं मान वर करून विचारलं.

"असाच झोपायचा म्हणते, लहान असताना. डोळे अर्धे उघडे अन् तोंडाचा आ. माझी सासू म्हणायची, पोरगं गेलं का काय. सारखं नाकाशी बोट धरून बघावं लागायचं." ती लिंबाजीकडे वळली. "अन् तू तिथं उभ्या उभ्या झोपतूस व्हय रं?"

"आये, झोपत न्हाई म्या! काम करतो!"

"मग तोंड मिटून करावं की. माशी जाईल."

मन्सूरच्या घशातून एक विचित्र आवाज आला. बिल्किस दचकून दारात आली. तिला वाटलं, नवऱ्याला ठसका लागला. तो हसत होता. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. दुर्गाबाई त्याच्याकडे बघत राहिली, मग शांतपणे म्हणाली, "ह्येला कायतरी खायला द्या गं. लई दिवसाचा उपाशी दिसायलाय."

ती त्या दिवशी तिथंच बसली. गाठोड्यातून तिळाची चटणी आणि ज्वारीच्या भाकरी निघाल्या. नूरबीला दात नव्हते, तर दुर्गाबाईनं तिच्यासाठी भाकर दुधात कुस्करली. लिंबाजी हळूहळू पत्र्याजवळ जाऊन बसला आणि स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "मन्सूरभाई, खोटं न्हाई काढलंत. मला वाटायचं, हे फक्त मलाच हुतंय. कुणाला सांगावं कसं, कळत नव्हतं." मग म्हणाला, "तुमी बघितलंत, हे बरं झालं."

मन्सूर बरा झाला, पण एका दिवसात नाही, आणि पुरता कधीच नाही. अधूनमधून तो शब्द अर्धवट टाकून कुठंतरी हरवायचा, आणि मग बिल्किस त्याचं मनगट धरून शेजारपाजारच्या गोष्टी सांगत बसायची. पण तो पुन्हा ब्रश धरायला लागला. अर्जुनरावांना त्यानं हवं होतं ते चित्र दिलं: नुसते दोन हात, घट्टे पडलेले, बोटं सगळी शाबूत, वहीवर ठेवावेत तसे पत्र्यावर ठेवलेले. त्यासाठी लिंबाजीनं दोन सुट्ट्या अंगणात बसून काढल्या. ते चित्र शेडमध्ये राहिलं. त्याच्यापुढून जाताना माणसं नकळत स्वतःच्या बोटांकडे बघायची.

लिंबाजीनं मित्र आणले, मित्रांनी आणखी मित्र आणले. सुट्टीच्या दिवशी मन्सूरच्या अंगणात कारखान्यातली दोन-चार माणसं बसलेली असायची. कुणी कोकणातला, कुणी सोलापूरकडचा. "माझंबी काढा," असं कुणी फारसं म्हणायचं नाही. ती बसायची, चहा प्यायची, पत्र्याकडे बघायची आणि मग गावाकडचं, खोलीतलं, मनातलं बोलायला लागायची. मन्सूर ऐकता ऐकता कुणाकुणाचं तोंड काढायचा. कुणाचं घाबरलेलं, कुणाचं चिडलेलं, कुणाचं नुसतंच थकलेलं. एखादा खरंच हसताना सापडला तर तसाही. अशी तोंडं विकत कोण घेणार? पोटापुरतं काम तो पाट्यांचं आणि ट्रकांचं करायचा. मोर आता पूर्वीएवढे खुशीत नसायचे, पण ट्रकवाल्यांची तक्रार नव्हती.

आणि दुर्गाबाई परत गेलीच नाही. पोरगं तोंड उघडं टाकून काम करतंय म्हटल्यावर त्याला एकटं सोडायला ती तयार नव्हती. काळेवाडीत तिनं एक खोली बघितली आणि लिंबाजीच्या जोडीदारांसकट दहा-बारा गड्यांना जेवायला घालायला लागली. मन्सूर पाट्या रंगवायला तिकडं गेला की तिच्या खोलीत डोकावल्याशिवाय त्याची सुटका नसायची.

एकदा असाच तो तिच्या चुलीपुढे बसला होता. ती भाकरी थापत होती. हात गोल फिरत होते, डोळे विस्तवाकडे लागले होते, आणि ती तिथं नव्हती. मन्सूरनं खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि पाटीचं माप लिहिलेल्या कागदाच्या पाठीवर तिचं तोंड काढायला सुरुवात केली. नाकापर्यंत आला नसेल, तोच ती मान न वळवता म्हणाली, "काढायचं ते जेवून काढ. भाकर निवाया लागली."

मन्सूरनं पेन्सिल खिशात घातली आणि ताट पुढं ओढलं.